आईला खोबरेल तेल द्यायचं का, तूप बंद करायचं का? अल्झायमर आणि खाण्यातलं फॅट

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आई ७४ वर्षांची, दोन वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान झालं आणि आता घरात तीन पार्ट्या पडल्यात. व्हॉट्सअ‍ॅपवरचा व्हिडिओ बघून तुम्ही तिला रोज चार मोठे चमचे खोबरेल तेल द्यायच्या विचारात आहात, बहीण म्हणते आधी तिचं तूप बंद करा कारण तुपानेच मेंदूत घाण साठते, आणि बायकोचं म्हणणं की माशाच्या तेलाच्या कॅप्सूल चालू करू आणि घरातलं शेंगदाणा तेल काढून ऑलिव्ह आणू. सगळ्यात शेवटी जाता जाता तुम्ही एक ओळ टाकलीय, 'मी ४७ चा, मलापण होईल का'. खरं सांगू? माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे. आईच्या तुपाचं उत्तर दोन मिनिटांत देता येतं, तुमच्या तेलाचं नाही.

मी आहारतज्ज्ञ, २५ एक वर्षं झाली, त्यातली शेवटची १४ स्मृतिभ्रंशाच्या पेशंटसोबत. औषधांबद्दल बोलणार नाही, ते तुमच्या न्यूरॉलॉजिस्टचं काम. ताटाबद्दल बोलते.

बहिणीच्या म्हणण्यापासून सुरू करू, कारण त्यात अर्धं खरं आहे आणि अर्धं खरं फार त्रास देतं. मेंदू हा आपल्या शरीरातला भयंकर तेलकट अवयव आहे, पाणी काढून टाकलं तर उरतं त्यातलं निम्म्याहून जास्त फॅटच असतं. वजनाने मेंदू शरीराच्या २ टक्के, पण शरीरातलं जवळपास २० टक्के कोलेस्टेरॉल तिथे. आणि हे कोलेस्टेरॉल तुपातून येत नाही, रक्तातलं कोलेस्टेरॉल मेंदूच्या दारातून आत जातच नाही, मेंदू स्वतःचं स्वतः बनवतो. त्यामुळे 'तूप खाल्लं की ते मेंदूत जाऊन साठतं' हे चित्र डोक्यातून काढा.

मग फॅटचा आणि अल्झायमरचा संबंधच नाही का, तर आहे, पण तो असा सरळ नळ सोडल्यासारखा नाही. ज्यांच्या नावाने हा आजार ओळखतात त्या अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली जर्मनीत आपल्या त्या पहिल्या प्रसिद्ध पेशंटचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तेव्हा पेशींबाहेरचे डाग आणि आतले गुंते तर दिसलेच, पण मेंदूतल्या मदतनीस पेशींमध्ये फॅट साठलेलं पण दिसलं होतं. पहिल्या दोन गोष्टींवर शंभर वर्षं संशोधन झालं आणि तिसरी बरीच वर्षं कोपऱ्यात पडून राहिली. मग १९९३ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या गटाने दाखवलं की उतारवयातल्या अल्झायमरशी सगळ्यात घट्ट नातं असलेला जीन म्हणजे एपीओई, आणि त्याचं काम काय तर फॅट वाहून नेणं! मेंदूतला टेम्पोवालाच म्हणा ना. त्याचा ई-४ नावाचा प्रकार ज्यांच्यात असतो त्यांचा टेम्पो धड भरत नाही, माल जिथल्या तिथे पडून राहतो आणि अमायलॉइड नावाचा जो कचरा उचलायचा तोही नीट उचलला जात नाही. युरोपियन वंशाच्या लोकांत ई-४ ची एक प्रत असेल तर रिस्क साधारण तिप्पट, दोन असतील तर आठ ते बारा पट धरतात. २०२४ मध्ये स्टॅनफर्डच्या लोकांनी ई-४ च्या दोन प्रती असलेल्या पेशंटच्या मेंदूत सफाई करणाऱ्या पेशी फॅटच्या थेंबांनी भरून गेलेल्या दाखवल्या, म्हणजे १९०६ चं निरीक्षण पुन्हा टेबलावर आलं. (लगेच जीन टेस्ट करायला धावू नका. अमायलॉइडविरुद्धची नवीन इंजेक्शनं द्यायची असतील तर डॉक्टर ती स्वतः करून घेतात, नाहीतर निकाल काहीही आला तरी स्वयंपाकघरात करायचं तेच आहे आणि झोप मात्र उडते.)

आता खाण्याचं. इथे अभ्यास एकमेकांशी भांडतात आणि का भांडतात ते कळलं की निम्मे व्हिडिओ आपोआप निकालात निघतात.

शिकागोच्या दक्षिण भागात ६५ च्या पुढच्या लोकांचा एक मोठा अभ्यास झाला, मार्था क्लेअर मॉरिस या बाईंनी त्यातला आहाराचा भाग २००३ मध्ये मांडला. ८१५ लोक, सरासरी चार वर्षांच्या आसपास लक्ष ठेवलं, त्यात १३१ जणांना अल्झायमर झाला. सॅच्युरेटेड फॅट, म्हणजे तूप-लोणी-खोबरेल यांत जास्त असतं ते, सगळ्यात जास्त खाणाऱ्या गटात रिस्क सगळ्यात कमी खाणाऱ्यांच्या २.२ पट निघाली, ट्रान्स फॅटचंही, म्हणजे वनस्पती तुपातल्या फॅटचं, तसंच वाईट. लोकांनी धरलं की झालं, सापडलं. पण त्याच सुमाराला नेदरलँड्समधल्या रॉटरडॅममध्ये ५ हजारांवर लोकांना सहा वर्षं पाहिलं आणि तिथे कुठल्याच फॅटचा संबंध निघाला नाही. त्यांच्याच १९९७ च्या आधीच्या निकालात मात्र निघाला होता! म्हणजे तेच गाव, त्याच शास्त्रज्ञांची टीम, आणि काही वर्षांत उत्तर उलटं.

असं होण्याची दोन कारणं मला रोज ओपीडीत दिसतात. एक म्हणजे माणूस काय खातो हे त्यालाच विचारून लिहायचं, आणि त्याला ते आठवत नाही. आपल्याकडे तर विचारूच नका. मी विचारते भाजीला तेल किती, उत्तर येतं 'एक पळी'. कुणाची पळी १० मिली, कुणाची ३०, एका काकूंनी पळी पिशवीतून आणून दाखवली तर ती चक्क आमटी वाढायची निघाली. वर वयस्कर माणसाची स्मृती हाच अभ्यासाचा विषय आणि त्यालाच विचारायचं की गेल्या वर्षभरात तळलेलं किती वेळा खाल्लंत. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं, हा आजार विसरायला लागण्याच्या १५-२० वर्षं आधीपासून मेंदूत चालू झालेला असतो. त्या काळात भूक बदलते, गोडाची ओढ वाढते, वजन उतरायला लागतं, कोलेस्टेरॉलसुद्धा आपोआप खाली येतं. मग सत्तरीतल्या माणसाचं ताट बघून आपण आजाराचं कारण शोधतो तेव्हा बऱ्याचदा आजाराचा परिणामच बघत असतो.

म्हणून मला जपानमधल्या हिसायामा गावचा अभ्यास आवडतो. त्यांनी 'काय खाता' हे विचारण्यावर सगळं सोडलं नाही, रक्तातलं एलायडिक अ‍ॅसिड मोजलं, म्हणजे कारखान्यात बनलेल्या ट्रान्स फॅटची खूण. रक्त विसरत नाही. साठीच्या पुढचे १६२८ लोक, दहा वर्षं, ३७७ जणांना डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश, आणि ज्यांच्या रक्तात हे अ‍ॅसिड जास्त त्यांच्यात रिस्क ५० ते ७५ टक्के जास्त, २०१९ मध्ये छापून आलं. आणि सगळ्यात मोठा वाटा कुठून येत होता तर गोड बेकरी पदार्थ, मग मार्गारिन.

हे ऐकून खारी-टोस्ट-नानकटाई आठवली असेल तर बरोबर आठवली. आपल्याकडे डालडा १९३७ पासून आहे आणि दोन पिढ्या त्याच्यावर वाढल्या, तुमच्या-माझ्या लहानपणच्या लग्नातल्या जिलब्या-बुंदी कशात तळलेल्या असायच्या ते आठवा. सरकारने तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटची मर्यादा हळूहळू खाली आणली, २०२१ मध्ये ३ टक्के आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के. कागदावर प्रश्न सुटला. पण नाक्यावरच्या वडापावच्या गाडीवरच्या काळ्या कढईला कुणी विचारत नाही. तेल खराब झालं हे ठरवायला नियम आहे, त्यातले पोलर कंपाउंड, म्हणजे तेल तापून तापून बिघडलं की बनणारे घटक, २५ टक्क्यांच्या वर गेले की ते वापरायचं नाही, २०१८ पासून लागू आहे, पण ते मोजायला यंत्र लागतं आणि गाडीवर यंत्र नसतं, डोळे असतात. तेल काळं, घट्ट, फेस जात नाही आणि वास बसलाय, तर पुढच्या गाडीवर जा. घरी पण तळणीचं उरलेलं तेल पुन्हा तळायला नको, एक-दोन दिवसांत फोडणीत संपवा. आमच्या सासूबाईंना हे पटवायला मला सहा दिवाळ्या लागल्या.

आता तुमच्या ४७ वयाकडे येते. फिनलंडमध्ये १४४९ लोकांचं मध्यम वयातलं कोलेस्टेरॉल आणि बीपी आधी मोजलेलं होतं, त्याच लोकांना सरासरी २१ वर्षांनी पुन्हा बोलावून तपासलं, २००१ मध्ये निकाल आला. पन्नाशीच्या आसपास ज्यांचं एकूण कोलेस्टेरॉल २५० च्या वर होतं किंवा वरचं बीपी १६० च्या पुढे होतं त्यांना म्हातारपणी अल्झायमरचा धोका साधारण दुपटीने, आणि दोन्ही असेल तर त्याहून जास्त. उलट सत्तरी-ऐंशीत कोलेस्टेरॉल मोजलं की हा संबंध धूसर होतो, कधी उलटाही दिसतो. लॅन्सेट कमिशनने २०२४ मध्ये डिमेन्शियाच्या टाळता येण्यासारख्या १४ कारणांची यादी केली तेव्हा मध्यम वयातलं वाढलेलं एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, त्यात पहिल्यांदाच घातलं, आणि वाटा दिला जवळपास ७ टक्के, म्हणजे यादीत सगळ्यात वरच्या दोनात. फॅटचा मेंदूपर्यंतचा रस्ता मुख्यतः असा जातो, तूप मेंदूत जात नाही पण २०-२५ वर्षं एलडीएल, बीपी, साखर बिघडवून मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या आणि इन्सुलिनचं काम बिघडवता येतं. एक छोटा प्रयोग सांगते, २०१३ चा, ४७ वयस्कर लोकांना फक्त चार आठवडे एकतर जास्त सॅच्युरेटेड फॅट आणि गोड-मैद्याचं जेवण दिलं किंवा कमी फॅटचं, आणि पाठीच्या कण्यातलं पाणी तपासलं. फॅटच्या आधाराशिवाय मोकळं फिरणारं अमायलॉइड, जे जास्त त्रासदायक मानतात, ते पहिल्या जेवणाने वाढलं आणि दुसऱ्याने घटलं. चार आठवड्यांत. कुणाचा आजार बरा झाला असं नाही, पण ताट बदललं की तिकडे काहीतरी हलतं एवढं दिसतं.

इथे एक आपल्या देशातली गोष्ट. हरियाणातल्या बल्लभगड भागातल्या खेड्यांमध्ये अल्झायमरचं प्रमाण पाहिलं होतं, ६५ च्या पुढच्या हजार माणसांमागे वर्षाला ४.७ नवे पेशंट, आणि अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात तशाच पद्धतीने मोजलं तर १७.५. लगेच 'आपलं साधं शाकाहारी जेवण' म्हणून छाती फुगवून घेतली सगळ्यांनी. पण तिथे ई-४ जीनच कमी होता, लोक कमी वर्षं जगत होते, म्हातारा विसरतो तर विसरू दे म्हणून घरचे सांगतही नव्हते. ताटाचा वाटा असेलही, पण त्यातून तो वेगळा काढता येत नाही. आणि आता देशभरात पाहिलं तर साठीच्या पुढच्यांमध्ये डिमेन्शिया (नुसता अल्झायमर नव्हे, सगळे प्रकार मिळून) ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाखांच्या आसपास माणसं, त्यामुळे छाती फुगवायचे दिवस गेले.

आता खोबरेल तेल. हे २००८ च्या सुमारास अमेरिकेत फ्लोरिडामधल्या मेरी न्यूपोर्ट या बालरोगतज्ज्ञ बाईंपासून पसरलं, त्यांनी नवऱ्याला दिलं आणि त्याच्यात फरक दिसला असं लिहिलं. त्यामागचा विचार मूर्खपणाचा नाही हे आधी सांगते. अल्झायमरमध्ये मेंदू ग्लुकोज नीट वापरू शकत नाही, पण कीटोन, म्हणजे फॅटपासून बनणारं दुसरं इंधन, वापरू शकतो हे स्कॅनवर दिसतं, आणि काही प्रकारचं फॅट, ज्याला एमसीटी म्हणतात, ते लिव्हरमध्ये जाऊन पटकन कीटोन बनतं. कॅनडात थोडी विस्मृती सुरू झालेल्या लोकांना रोज ३० ग्रॅम एमसीटी सहा महिने दिलं तर काही चाचण्यांत बरं दिसलं. पण ते एमसीटी होतं, खोबरेल नव्हे. खोबरेल तेलात खरं कीटोन बनवणारे दोन घटक मिळून १५ टक्केसुद्धा भरत नाहीत, जवळपास निम्मं लॉरिक अ‍ॅसिड असतं आणि ते बऱ्यापैकी साध्या फॅटसारखंच पचतं. आणि एमसीटीवरच बेतलेलं एक प्रॉडक्ट मोठ्या ट्रायलमध्ये अल्झायमरच्या पेशंटवर तपासलं, २०१७ मध्ये ते फेल झालं.

आणि चार मोठे चमचे म्हणजे किती कळतंय का, ५० ग्रॅमच्या वर तेल, साडेचारशेच्या वर कॅलरी आणि त्यातलं ९० टक्के सॅच्युरेटेड. दीड हजार कॅलरी खाणाऱ्या बाईला दिवसभरात सॅच्युरेटेड १६-१७ ग्रॅमच्या आत बरं म्हणतात. वर पहिल्या आठवड्यात पोट बिघडतं. ज्या आईला बाथरूम कुठे हे कधी कधी आठवत नाही तिला जुलाब लावून ठेवायचे, हे त्या व्हिडिओवाल्याने निस्तरायचंय की तुम्ही? एका घरी मी हे पाहिलंय, सूनबाई रडकुंडीला आल्या होत्या. कोकणातल्या माणसांनी खोबरं खाऊ नये असं म्हणत नाहीये हां, वाटणात नारळ घाला, सोलकढी प्या, ते जेवण आहे. तेल औषधासारखं पाजू नका एवढंच.

माशाचं. इथे मी स्वतः एकेकाळी फार उत्साही होते. डीएचए नावाचं ओमेगा-३ मेंदूत भरपूर असतं, शिकागोच्याच अभ्यासात आठवड्याला एकदा तरी मासे खाणाऱ्यांत अल्झायमर ६० टक्के कमी दिसला होता, सगळं जुळत होतं. मग २०१० ला अमेरिकेतली ट्रायल आली, आजार झालेले ४०२ लोक, रोज २ ग्रॅम डीएचए, दीड वर्ष, घसरण तसूभर कमी झाली नाही. फ्रान्समध्ये सत्तरीच्या पुढच्या १६८० लोकांना तीन वर्षं दिलं, तिथेही ओमेगा-३ ने काही ठळक निघालं नाही. त्यामुळे आईसाठी महिन्याला हजार-दीड हजाराच्या कॅप्सूल, माझ्या मते नको, ते पैसे दुपारी दोन तास येणाऱ्या मावशींना द्या. मासा मात्र खा, तुम्ही खा, आई खात असेल तर तिलाही काटे नीट काढून. त्यासाठी सुरमई-पापलेटच पाहिजे असं काही नाही, उलट स्वस्तातले बांगडा, तारली, पेडवे यांच्यात ओमेगा-३ जास्त. रव्यात घोळवून तळण्यापेक्षा तिखलं करा. शाकाहारी घरात जवस आणि अक्रोड. जवसाच्या तेलात निम्म्याच्या वर ओमेगा-३ आहे पण वेगळ्या जातीचं, त्यातलं फार थोडं डीएचए होतं, तरी हृदयाला चांगलं म्हणून चटणी चालू ठेवा. आणि शाकाहारी असाल तर फॅटच्या आधी बी-१२ तपासा, कमी निघालं तर विस्मृती नुसती त्यानेसुद्धा वाढते, आणि आपल्याकडे ते कमी निघतंच.

ऑलिव्हचं पटकन सांगते. स्पेनच्या ट्रायलमध्ये प्रत्येक कुटुंबाला आठवड्याला लिटरभर ऑलिव्ह ऑइल किंवा मग सुकामेवा दिला, चार वर्षांनी दोन्ही गटांची स्मृती-लक्ष वगैरे तुलनेच्या गटापेक्षा बरे होते. पण २०२३ मध्ये ६०४ लोकांवर तीन वर्षं चाललेल्या 'माइंड' नावाच्या, मेंदूसाठी बेतलेल्या आहाराच्या ट्रायलमध्ये तुलनेच्या गटाशी फरकच निघाला नाही, कारण दोन्ही गटांनी कॅलरी कमी केल्या, वजन उतरवलं आणि दोघंही सुधारले. मला त्यातून असं वाटतं की बाटली बदलण्यात जादू नाही. शेंगदाणा तेलात निम्म्याच्या आसपास ऑलिव्हसारखंच मोनो (मोनोअनसॅच्युरेटेड) फॅट असतं, सोलापूर-मराठवाड्याकडची करडई असेल तर तीही आलटून पालटून घ्या, मोहरीचं चालत असेल तर अजून बरं. घाण्याचं घ्या की फिल्टर घ्या, माझा त्यात आग्रह नाही, डबा किती दिवसांत संपतो त्यात आहे. मोठ्या माणसामागे महिन्याला अर्धा-पाऊण लिटर, त्यात सगळं आलं. आणि जे कमी कराल त्याजागी काय येतं ते बघा, तूप सोडलं आणि चहाबरोबर चार मारी बिस्किटं आली तर काही कमावलं नाही. अंड्याचं विचारलं नाहीत पण पुढे विचारालच, फिनलंडमध्येच अडीच हजार पुरुषांना २२ वर्षं पाहिलं, अंड्याने डिमेन्शिया वाढलेला दिसला नाही, ई-४ वाल्यांतही नाही.

राहिली आई आणि तिचं तूप. तुम्ही लिहिलंय की वर्षात तिचं वजन ५४ वरून ४८ वर आलं, आणि हे तुम्ही कंसात लिहिलंय! माझ्यासाठी अख्ख्या मेसेजमधली ती मोठी बातमी आहे. या आजारात माणूस जेवायला विसरतो, जेवलो म्हणून सांगतो, येरझाऱ्या घालून घालून कॅलरी जाळतो, वास-चव जाते, पुढे गिळायला त्रास होतो. वजन उतरलं की स्नायू जातात, पडते, हाड मोडतं, आणि हॉस्पिटलमधून परत आलेली आई तिथे जाताना होती त्यापेक्षा आजाराच्या बरीच पुढच्या टप्प्यावर असते. तिच्या आजाराचा पाया वीस वर्षांपूर्वी पडलाय, आज तूप काढून तो उखडत नाही. तेव्हा वरणभातावर तूप सोडा, दोन चमचे, मऊ मुगाची खिचडी करा तूप घालून, दाण्याचं कूट घातलेलं दही, थालीपीठ लोण्याबरोबर, अंडं, शेवयाची खीर. हृदयविकार, स्टेंट किंवा डायबेटिस असेल तर प्रमाण डॉक्टरांशी बोलून ठरवा, नाहीतर बहिणीला माझं नाव सांगा. ताटात एका वेळी दोनच पदार्थ, रंगीत ताट, टीव्ही बंद, आणि शेजारी कुणीतरी बसून जेवणारं, कारण ती बघून बघून जेवेल. गिळताना ठसका लागत असेल तर हे सगळं बाजूला ठेवून आधी स्पीच थेरपिस्टला दाखवा.

तुम्ही मात्र तिच्या वाटीतलं तूप बघून आपल्या वाटीत घेऊ नका. तुम्हाला पोळीला एक चमचा पुरे, बेकरीचा पुडा महिन्यातून एकदा, आणि उद्याच उपाशीपोटी लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची तपासणी), एचबीए-वन-सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), बीपी. ४७ वर्षं झाली आणि एकदाही कोलेस्टेरॉल तपासलं नाही म्हणता, याला काय म्हणावं. डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची गोळी, म्हणजे स्टॅटिन, लागेल म्हटलं तर 'स्टॅटिनने विसरायला होतं' हा दुसरा व्हिडिओ बघत बसू नका.

आईचं वजन दर महिन्याच्या एक तारखेला, त्याच काट्यावर, सकाळी, चहाच्या आधी. तीन महिन्यांनी मला दोन आकडे कळवा, तिचं वजन आणि तुमचं एलडीएल. पहिला वर गेलेला हवाय, दुसरा खाली.